पाववाल्या बुढीची साक्ष

त्या काळच्या अमरावतीत कधीही खोटे न बोललेले दोनच जीव होते. एक वेशीतला मारुती आणि दुसरी आमच्या मळ्याशेजारची पाववाली बुढी. त्यातला मारुती मुळात बोलतच नव्हता, तेव्हा खरे पाहिले तर ती एकटीच. तिला नाव नव्हते असे नाही. अचलपूरच्या छावणीतल्या पाद्र्याने ठेवलेले चांगले लांबलचक नाव होते, पण ते आमच्या कोणाच्या तोंडात बसत नसे. वऱ्हाडात म्हाताऱ्या बाईला बुढी म्हणतात, त्यात अपमान काही नाही. आणि ती पाव भाजून विकत असे, म्हणून पाववाली बुढी. मी तिला आजी म्हणत असे. हे सगळे माझी नात लिहून घेते आहे. तिला शाळेत शुद्ध बोलायला शिकवले आहे, त्यामुळे माझे बोलणे ती जागच्या जागी धुऊन वाळत घालते. माझे काही म्हणणे नाही. फक्त माणसांच्या तोंडचे शब्द धुवायचे नाहीत, एवढी ताकीद मी तिला दिली आहे.

अचलपूरच्या वाटेवर, गाव संपून मळे सुरू होतात तिथे तिची झोपडी आणि मागे मातीची भट्टी. तिच्या आणि आमच्या मळ्याच्या मध्ये बोराट्यांचे कुंपण, आणि त्या कुंपणाला मी जाऊन येऊन पाडलेले एक भोक. बुढी मूळची अचलपूरकडच्याच एका शेतकऱ्याची लेक. तरुणपणी तिने छावणीतल्या पलटणीच्या बाजात ढोल वाजवणाऱ्या एका ख्रिस्ती माणसाशी लग्न केले, त्याच्याबरोबर तीही ख्रिस्ती झाली, आणि तो वारल्यावर अमरावतीला आली. कारण तेव्हा अमरावतीत कापूस घ्यायला साहेबांची आणि त्यांच्या पारशी कारकुनांची रीघ लागली होती आणि त्या सगळ्यांना सकाळी पाव लागत असे. नवऱ्याचा लाल डगला तिने जपून ठेवला होता. पितळी गुंड्यांचा, खांद्यावर झालर असलेला. थंडीत लुगड्यावर तो डगला चढवून, डोक्यावर पावाची टोपली घेऊन ती निघाली की बैल बुजत. ती बैलांची माफी मागे आणि पुढे जाई.

तिच्या खरे बोलण्याने लोक जेरीस आले होते. साहेबाच्या दारात टोपली उतरवून ती आधीच सांगे, "आज पाव बरा नाई झाला. शिंदी जास्त आंबली. घ्याचा असन तर घ्या." साहेबाला दुसरा पाव कुठे मिळणार? तो मुकाट्याने घेई. पीठ फुगावे म्हणून त्यात घालायला ती रोज संध्याकाळी शिंदीचे मडके फडके बांधून आणी, म्हणून गावात बोलवा होती की बुढी पिते. एकाने धीर करून तिला विचारलेच. ती म्हणाली, "पेत नाई रे बाबू. पन वास घेतो कधी कधी. मालक पेत होते नं, त्यायची याद येते." एकदा आमच्या भागातल्या एका मुलाची चौकशी करायला मुलीकडची मंडळी आली होती. वाटेत बुढी दिसली. मुलगा कसा आहे, म्हणून त्यांनी सहज विचारले. बुढीने विचार केला आणि सांगितले, "पोरगा चांगला हाय जी. सकाळी." मंडळी तिथूनच परत फिरली.

आणि कापसाचे ते दिवस म्हणजे खरे बोलण्याचे दिवस नव्हते. दूर कुठल्याशा मुलखात गोऱ्या लोकांत लढाई जुंपली होती. ती कशासाठी, हे आमच्यात कोणाला ठाऊक नव्हते. पण तिच्यापायी वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला की माणसांची डोकी फिरली. कोणी बैलांची शिंगे चांदीने मढवली, कोणी घरात माणसे दोन असून दिवाणखान्यात सहा आरसे लावले. माझ्या बापाने चालत्या मळ्यातली वांगी उपटून तिथे कापूस पेरला. आणि बाजारात न्यायच्या आधी गाडीवरच्या कापसावर पाणी शिंपडायचे, म्हणजे वजन वाढते, ही विद्या तर लहान पोरांनाही येत होती. एके दिवशी एका खरेदीदाराचा माणूस वाटेवर उभा राहून येणाऱ्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, तपासत होता. बुढी आपल्या फाटकात बसलेली. त्याने तिला विचारले, "या बंडीवर पाणी मारलं का?" बुढी म्हणाली, "दोन घागरी." ती बंडी माझ्या बापाची होती. त्या दिवशी बा कुंपणाशी उभा राहून तिला तासभर शिव्या देत होता आणि ती मान हलवून म्हणत होती, "खरं हाय भाऊ, तुहं खरं हाय." त्यानंतर गाडीवाले तिच्या झोपडीला वळसा घालून जाऊ लागले.

पण सगळ्यात विचित्र होते तिचे जेवण. दुपारी ताट वाढून झाले की ती फाटकात येऊन उभी राही आणि वाटेकडे तोंड करून मोठ्याने हाक मारी, "जेवाले या होऽऽ!" दारातून जाणाऱ्याला जेवायला या म्हणायची आपल्याकडे रीतच आहे, आणि "जेवा तुम्ही, आमचं झालं" असे म्हणायचीही रीत आहे. बुढीचे म्हणणे असे की, बोलावल्याशिवाय जेवायचे नाही आणि कोणी 'जेव' म्हटल्याशिवाय घास उचलायचा नाही. तिच्याकडे जेवायला येणार कोण? तिच्या घरचे खाल्ले की माणूस बाटला. हे तिला आमच्याहून चांगले ठाऊक होते. तरी ती रोज बोलावी. कापसाच्या हंगामात ठीक होते, लांबून का होईना, बंड्या जात आणि गाडीवाले ओरडून सांगत, "जेवा बुढी, जेवा!" मग ती खुशीत आत जाई. पण पावसाळ्यात त्या काळ्या मातीतून वाट बंद होई. चिटपाखरू फिरकत नसे. तेव्हा ही बाई डोक्यावर पोते घेऊन फाटकात उभी, आणि आत भाकर निवून चाललेली. मी तिला पहिल्यांदा नीट पाहिली ती अशीच. बराच वेळ मी आमच्या खोपीतून बघत होते. शेवटी मला राहवले नाही. मी ओरडले, "जेव नं व आजी, काहून उभी हायेस?" ती गर्रकन वळली. कुंपणापलीकडे खोपीच्या दारात बसलेल्या मला तिने नमस्कार केला आणि आत गेली. आमची ओळख ही अशी झाली.

आता माझे सांगते. मी तेव्हा पंधरा वर्षांची आणि सगळ्या माळी समाजात बिघडलेली पोरगी म्हणून नावाजलेली. माय मी लहान असतानाच गेली. सासर अकोल्याला. सासरची माणसे मुळात वाईट होती असे मी म्हणणार नाही, पण कापसाच्या भावाने ती पार बदलली. सासूने ओसरीत रेचे मांडले. रेचा म्हणजे कापसातून सरकी काढायचा लाकडी चरक. एका हाताने फिरवायचा आणि दुसऱ्याने कापूस सारायचा. पहाटे बसले की दिवा लागेपर्यंत तेच. नाकातोंडात रुई, पापण्यांवर रुई. आरशात पाहिले तर मीच म्हातारी. आणि हात थांबला की नवरा बैलाची पराणी घेऊन येई. म्हणून मी पळत असे. अकोल्याहून रिकाम्या परतणाऱ्या बंडीत तरटाखाली शिरायचे आणि अमरावतीच्या अलीकडे उतरायचे. पुढे पुढे तर गाडीवाले मला ओळखू लागले. एकजण तरट उचलून म्हणाला, "बाई, या खेपेले लवकर निंगाली?" घरी आले की बा डोक्याला हात लावून बसे, चार दिवसांनी सासरची बंडी येई, आणि मला पुन्हा अकोल्याला नेऊन टाकी. बा निर्दय नव्हता. पण लेक माहेरी बसली की जात बोलते, आणि जातीपुढे तो मांजर होई.

त्या वर्षी मी पावसाच्या तोंडावर आले, वाट बंद झाल्याने सासरची बंडी येईना, आणि मी कोणाशीच बोलत नव्हते. बोलले तर चावल्यासारखी बोले. बुढीला ते बरे वाटे. ती म्हणे, "नाई बोलाचं तर नको बोलू. पन बसाले ये." मी कुंपणाच्या भोकातून जाऊन तिच्या चिंचेखाली बसे. ती पीठ मळी आणि आपल्या नवऱ्याच्या गोष्टी सांगे. तो ढोल किती वाईट वाजवी, हेही सांगे. माझी पाठ तिने पाहिली तेव्हा मात्र गोष्ट अर्धी टाकून उठली. तिळाचे तेल आणले आणि हळूहळू लावत बसली. तेल लावल्याने कोणी बाटत नाही, हे तिने स्वतःच ठरवून टाकले होते. बाकी माझी जात माझ्यापेक्षा तीच जास्त सांभाळी. माझे पाणी मी माझ्या घरच्या लोट्यातून आणायचे. लोटा तिच्या मडक्याजवळ ठेवला तर ती ओरडे. पाव भट्टीतून निघायची वेळ झाली की मला चिंचेच्या दुसऱ्या बाजूला पाठवी, कारण, तिच्या म्हणण्याप्रमाणे, वासाचे काय सांगावे.

आणि तो वास! मळाभर पसरत असे. पण मला पाव हवा होता तो वासासाठी नाही. एका दुपारी चिंचेखाली बसल्या बसल्या माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी हिचा एक घास खाल्ला तर मी बाटले. बाटलेली सून अकोल्याचे लोक ठेवतील का? उंबऱ्याशी उभी करणार नाहीत! मी उठले आणि हात पुढे केला.

"आजी, मले पाव दे."

"काहून व? भूक लागली?"

"नाई. मले बाटाचं हाय."

बुढी आधी हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिने पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "पोट्टे, तुले मालूम नाई. म्या लगन केलं तं माह्या मायनं माहा घट फोडला. मेलेल्या मानसाचा करते तसा. म्या बाभळीच्या मांगून पाह्यलं. माय रडून राहिली होती अन् माह्या नावानं सारे गावचे लोक जेवून राहिले होते. म्या जित्ती! तुले वाटते तेवढं सोपं नाई ते."

मी म्हटले, मला चालेल. ती म्हणाली, तिला चालणार नाही. मी रडले, पाय आपटले, तिला नाही नाही ते बोलले. ती म्हणाली, "हे पाह्य. रोज म्या बोलावतो, कोनी येत नाई. तू पयलीच आली हात पुढं करून. मले काय खुशी नसन झाली? पन अशी नको येऊ. अकोल्याच्या लोकायवर रागावून नको येऊ. एखाद्या दिवशी तुले वाटन का, चाल, आजीजवळ बसून खाऊ. त्या दिवशी ये. मंग म्या जातीले भीत नाई अन् पाद्र्यालेही नाई." यावर मी काय करावे? दुसऱ्या दिवशी ती टोपली बांधत असताना मी भट्टीतूनच एक पाव पळवला. तो इतका तापलेला होता की बोटे भाजून हातातून सुटला आणि गडगडत तिच्याच पायाशी गेला. तिने तो उचलला नाही. माझी बोटे हातात घेऊन त्यांवर फुंकर घालत बसली आणि पुटपुटत राहिली, "याड लागलं पोट्टीले, याड लागलं."

पाऊस सरला, वाटा वाळल्या, आणि अकोल्याची बंडी आली. या वेळी सासू स्वतः आली होती. नवरा बंडीतच बसून होता, नवा फेटा बांधून. बरोबर आमच्या जातीचे पंच. मी खोपीत कोपऱ्यात घुसून बसले होते. बाने हात धरून मला अंगणात आणले. माझ्याकडे मात्र त्याने पाहिले नाही. सासूने मला खालीवर न्याहाळले आणि पंचांकडे वळून म्हणाली, "हे पोट्टी त्या किरिस्तावनीच्या घरात दिवसभर बसून राहते म्हनते. तिच्या हातचं खाल्लं-पेलं का, ते पयले सांगा. मंग नेतो."

बाचा चेहरा उजळला. त्याला वाटले, एवढेच ना! तो छाती पुढे काढून म्हणाला, "खाल्लं नाई. माह्या पोरीनं तिच्या घरचं पानीही पेलं नाई. माह्यावर इस्वास नाई तं तिलेच इचारा. साऱ्या अमरावतीले इचारा, ते बुढी खोटं बोलत नाई. माह्या कापसाचं पानी तिनं माह्यासमोर सांगतलं." पंचांनी माना हलवल्या. बुढीची कीर्ती सगळ्यांना माहीत होती. त्यांतल्या एका पंचाचा पुतण्या म्हणजेच तो 'सकाळी' चांगला असलेला पोरगा.

बुढीला बोलावणे गेले. ती लाल डगला घालून आली. कडक ऊन होते, डगल्याचे दिवस नव्हते. पण तिला वाटले असेल की कचेरीत जायचे तसे हे जाणे आहे. आमच्या अंगणाच्या कडेला, शिवाशिव होणार नाही अशा बेताने ती उभी राहिली. पंचांनी विचारले, "बुढी, खरं सांग. या पोरीनं तुह्या घरी खाल्लं का?"

बुढीने माझ्याकडे पाहिले. मग बंडीकडे पाहिले. बंडीत नवऱ्याच्या हातात पराणी होती; बैलांसाठीच होती, दुसऱ्या कशासाठी नव्हती, पण तिची नजर तिथे बराच वेळ राहिली. मी मनात म्हणत होते, आजी, तू काय सांगणार ते मला ठाऊक आहे, सांगून टाक एकदाचे.

"खाल्लं," बुढी म्हणाली.

बा उडालाच. "काय बोलून राहिली तू!"

"खाल्लं. पाव खाल्ला. रोज खात होती, माह्या ताटात, माह्याजवळ बसून."

कोणाच्याही मनात आले नाही की ती खोटे बोलत असेल. सूर्य पूर्वेला मावळला असता तर एक वेळ विश्वास बसला असता. बाने माझ्याकडे पाहिले, तू तरी नाही म्हण, अशा नजरेने. मी मान खाली घातली. सासूने पदर सावरून चार पावले मागे घेतली, आणि तिथेच, उभ्या उभ्या, त्यांनी काडी मोडून मला सोडले. बंडी अकोल्याच्या वाटेला लागली तेव्हा पंचांचे बोलणे चालू होते आणि बुढी केव्हाच निघून गेली होती.

जातीत परत घ्यायला पंचांनी फार ताणले नाही. कापसाचे वर्ष होते, पंचांना बुंदीची सवय झाली होती. मला पंचगव्य पाजले, बाने साऱ्या जातीला जेवण घातले, आणि मी शुद्ध झाले. फक्त एक अट घातली. मी त्या बुढीशी पुन्हा कधी बोलायचे नाही, तिच्या अंगणात पाय ठेवायचा नाही. ठेवला, तर मी कायमची बाहेर, आणि माझ्याबरोबर बासुद्धा. कुंपणाचे भोक बाने काटे भरून बुजवले. मी पलीकडून काही ऐकू येते का म्हणून कान लावून बसे. रविवारी ती एकटीच मोठ्याने प्रार्थना करीत असे. साक्षीनंतरच्या रविवारी प्रार्थना नव्हती, भांडण होते. "केलं म्या," ती कोणाला तरी सांगत होती, "बोलली म्या खोटं. काय कराचं ते कर, पन पोट्टीले काही करू नको." त्यानंतर तिचे बोलणेही बदलले. पाव ताजा आहे का, असे कोणी विचारले तर पूर्वी ती खरे ते सांगे. आता म्हणे, "देवाले मालूम."

मला वाटले होते, ती कधी तरी मुद्दाम कुंपणाशी येईल, काही बोलेल. आली नाही. पंचांची अट माझ्यापेक्षा तिनेच कडक पाळली. मी मळ्यात कापूस खुरपत असले की ती आमच्याकडे पाठ करून भट्टीशी बसे. दुपारची हाकसुद्धा आता ती आमच्या मळ्याकडे पाठ फिरवून मारी. पुढचा पावसाळा आला, वाट पुन्हा बंद झाली. एका दुपारी ती हाका मारीत होती, "जेवाले या होऽऽ," आणि वाटेवर कोणी नव्हते. थोड्या वेळाने पुन्हा. मी खोपीत बसले होते, तोंडावर हात दाबून. बा भाकर खात होता. त्याने हातातला घास ताटात टाकला. तो चिडून उठला, माझ्याकडे न पाहता बाहेर गेला आणि बांधावर उभा राहून गरजला, "जेव नं व बुढे! जेव! कान किटले माहे!" पंचांनी त्याला काही मनाई केलेली नव्हती. त्या दिवसापासून रोज दुपारी बा शिव्या देत उठे आणि बांधावर जाऊन तिला जेव म्हणून येई. आजारी असला तरी जाई. त्याला कधी कोणी भला माणूस म्हटले नाही, पण मी म्हणते.

मग ती परदेशातली लढाई संपली, म्हणे. कापूस जसा चढला तसा उतरला. साहेब गेले, त्यांचे कारकून गेले, आरसेवाल्यांनी आरसे विकले, बाने पुन्हा वांगी लावली. पाव खायला कोणी उरले नाही. बुढीचे गुडघे आधीच गेले होते. आता ती अंथरुणावरून उठेना. नवऱ्याबरोबर पलटणीत वाजवणाऱ्या कोणाचा तरी मुलगा अचलपूरहून बंडी घेऊन तिला न्यायला आला. नवऱ्याशेजारी आपल्याला पुरावे, एवढे तिने फार पूर्वी सांगून ठेवले होते. माझा पाट, म्हणजे दुसरे लग्न, त्याच महिन्यात ठरला होता, एका बिजवर माळ्याशी, भल्या माणसाशी. वाटेवर माणसे जमली होती, पंचही होते. तिला उचलून बंडीत ठेवले. इतकीशी झाली होती. मी किती तरी वेळ लांब उभी राहिले. बंडी हलली, आणि मग मला काही सुचेना, मी काट्यांतूनच धावत गेले आणि बंडीचे लाकूड धरले.

"आजी! आजी व!"

बुढीने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिले, माझ्यामागे उभ्या असलेल्या पंचांकडे पाहिले. आवाज मात्र जुनाच होता, साऱ्या वाटेला ऐकू जाईल असा.

"कोन हाय हे पोट्टी? मी नाई ओळखत इले. हाक रे बाबू बंडी."

पंच समाधानाने मागे सरले. बाने येऊन माझी बोटे एकेक करून त्या लाकडावरून सोडवली. बंडी वळणापर्यंत दिसत होती. तिने मान वळवून पाहिले नाही. पाहिले असते तर मी पुन्हा धावले असते, हे तिला माहीत असणार. पुढल्या हंगामात अचलपूरच्या गाडीवाल्यांनी सांगितले की बुढी गेली. गेली तेव्हा जवळ कोण होते, तिला कोणी जेव म्हणत होते का, ते त्यांना सांगता आले नाही.

पाट लागला. संसार चांगला झाला. पण जातीत माझी ओळख कायम राहिली: ती पाव खाल्लेली. बायका माझ्याकडे जरा भीतीने आणि जरा हेव्याने पाहत. एकदा आम्ही दोघे मेथी खुडत बसलो असताना माझा मालक अडखळत म्हणाला, "एक इचारू का? रागावू नको. पाव कसा लागते व?"

माझ्या अगदी ओठावर आले होते, की नाही हो, मी खाल्लाच नाही. पण मग बुढी खोटी ठरली असती. तिला मी तरी खोटी पाडणार नव्हते. मी म्हटले, "गोड लागते." त्याला तेवढ्याने भागेना. मग मी सांगत गेले. वरची साल कशी कुडकुड वाजे, आत वाफ कशी असे, ती पाव गुडघ्यावर ठेवून कसा मोडी आणि मोठा तुकडा मलाच कसा देई, आम्ही चिंचेखाली शेजारी बसून कशा खात असू, आणि मधूनच ती माझ्या तोंडाकडे कशी बघत राही. सांगता सांगता माझे डोळे वाहू लागले. मालकाला वाटले, मला पावाची आठवण झाली. तो बिचारा म्हणाला, "आनू का कुठून? छावनीत भेटत असन." मी म्हटले, "नको. तसा आता कोनी करत नाई."

एवढी वर्षे झाली, नातवंडे झाली. पण दुपारी ताट वाढले की अजून मला वाटते, एकदा तरी तिच्याजवळ बसून जेवायला हवे होते.